प्यूमाला नेमकं कोणी दाबलं?

मानपाड्यात राहण्याचा एक कायमचा ताप म्हणजे पत्ता. आमचा मानपाडा ठाण्यातला, घोडबंदर रोडवरचा. दुसरा डोंबिवली पूर्वेचा. कुरिअरवाला फोन करतो, "मॅडम, मानपाड्यातच उभा आहे, पण सोसायटी सापडत नाहीये," आणि मला लगेच कळतं की माझं पार्सल कल्याण-शीळ रोडला पोहोचलंय. नाव अक्षर न् अक्षर जुळतं, पत्ता मात्र चुकलेला असतो.

हे आठवायचं कारण असं, की गेल्या महिन्यात त्या दुसऱ्या मानपाड्यातून एक मुलगी मला भेटायला आली. एम.एस्सी.चं शेवटचं वर्ष, पुढे पीएच.डी. करायची आहे. प्रपोजलचा कच्चा खर्डा घेऊन आली होती. विषय: एपस्टाइन-बार व्हायरसचे मायक्रोआरएनए पोटाच्या कॅन्सरमध्ये माणसाच्या कुठल्या जनुकांना दाबतात. सोबत एक्सेल शीट, तिच्यात चारशेच्या वर जनुकं, आणि त्या सगळ्यांचं एक रंगीत जाळं, कोळ्याच्या जाळ्यासारखं. "ताई, यातलं कुठलं घेऊ?" असा तिचा प्रश्न. मी म्हटलं, आधी यातलं खरं कुठलं आहे ते बघू. त्या दुपारी आम्ही जे बोललो ते तुमच्यासाठी इथे नीट मांडतेय, कारण या विषयावरचे पेपर वाचून प्रपोजल लिहिणारे तुमच्यातही बरेच आहेत, आणि त्या पेपरांबद्दल माझी थोडी तक्रार आहे.

आधी विषय थोडक्यात. एपस्टाइन-बार व्हायरस, ईबीव्ही, हा हर्पिस कुळातला. जगातल्या बहुतेक मोठ्या माणसांच्या अंगात तो आयुष्यभर गप्प बसून असतो. थोड्या लोकांत तो पोटाच्या पेशींमध्ये सापडतो आणि तिथे कॅन्सरशी जोडलेला असतो. टीसीजीए या अमेरिकन प्रकल्पाने २०१४ साली 'नेचर'मध्ये पोटाच्या २९५ गाठींचा अभ्यास छापला, त्यात सुमारे ९ टक्के गाठी ईबीव्हीच्या होत्या. या गाठींची गंमत अशी की तिथे व्हायरस प्रथिनं फार कमी बनवतो. साहजिक आहे, प्रथिन दिसलं की आपली प्रतिकारशक्ती त्याला पकडणार. पण मायक्रोआरएनए तो ढिगाने बनवतो. बावीसेक अक्षरांचे आरएनएचे हे तुकडे, त्यांच्यापासून प्रथिन बनत नाही, त्यामुळे प्रतिकारशक्तीला दाखवायला काही उरत नाही. हे तुकडे आपल्याच पेशीच्या आर्गोनॉट नावाच्या प्रथिनात जाऊन बसतात, आणि आपल्याच जनुकांच्या मेसेंजर आरएनएला चिकटून त्यांचं काम कमी करतात. म्हणजे घर आपलं, हत्यार आपलं, फक्त हुकूम व्हायरसचा.

ईबीव्हीत अशा मायक्रोआरएनएंची २५ पूर्वरूपं आहेत, त्यांच्यापासून ४४ पक्व तुकडे बनतात. यातले बहुतेक 'बार्ट' नावाच्या भागातले. २००७ साली कोरियातल्या गटाने दाखवलं की पोटाच्या ईबीव्ही कॅन्सरमध्ये बार्टवालेच दिसतात, दुसरा जो बीएचआरएफ१ नावाचा छोटा गट आहे तो दिसत नाही. हे लक्षात ठेवा. कारण तिच्या शीटमध्ये बीएचआरएफ१ची लक्ष्यंही आली होती. जो सैनिक रणांगणावर आलाच नाही त्याच्या नावावर बळी लिहिलेले.

आता मूळ पेपर. या विषयावरचं कुठलंही परीक्षण उघडा, पहिल्या दोन परिच्छेदांत एक वाक्य येतंच: मिर-बार्ट५ हा प्यूमा या जनुकाला दाबतो आणि त्यामुळे कॅन्सरची पेशी मरत नाही. संदर्भ असतो २००८चा, हाँगकाँग विद्यापीठातल्या चॉय आणि सहकाऱ्यांचा, 'जर्नल ऑफ एक्सपेरिमेंटल मेडिसिन'मधला. प्यूमा म्हणजे पेशीला आत्महत्येकडे ढकलणारं प्रथिन. ते कमी झालं की पेशी तग धरते. गोष्ट फारच सुटसुटीत आहे, आणि म्हणूनच मी तुम्हाला तो पेपर स्वतः वाचायला सांगते, परीक्षणातून नाही.

वाचला की आधी त्याचं कौतुक वाटेल. त्यांनी दोन्ही बाजूंनी तपासलंय. मिर-बार्ट५ वाढवला तर प्यूमा कमी झाला. आणि ज्या पेशींत व्हायरस आधीपासून आहे त्यांत मिर-बार्ट५ला उलट तुकड्याने अडवलं तर प्यूमा वाढला, पेशी मरायला लागल्या. ही दुसरी दिशा महत्त्वाची. बाहेरून ओतून काहीही कमी करता येतं. जे नैसर्गिकरीत्या आहे ते काढल्यावर फरक पडतो का, हे विचारणं खरं कठीण, आणि त्यांनी ते विचारलं. २००८ साली हे चांगलं काम होतं. आजही आहे.

पण बारकाईने बघा. रुग्णांच्या गाठींत प्यूमा कमी सापडला तो सुमारे ६० टक्के गाठींत, आणि त्या गाठी होत्या नाक-घशाच्या मागच्या भागातल्या कॅन्सरच्या, ज्याला नेझोफॅरिंजियल कार्सिनोमा म्हणतात. पोटाच्या नव्हेत. पोटाच्या बाबतीत त्यांच्याकडे पेशींचा पुरावा आहे, गाठींचा आकडा घशाचा आहे. परीक्षणं लिहिणाऱ्यांनी काय केलं? दोन्ही एका वाक्यात घातले. पुढच्याने ते वाक्य उचललं. त्याच्या पुढच्याने 'पोटाच्या कॅन्सरमध्ये' एवढंच ठेवलं. मूळ लेखकांचा यात काडीचा दोष नाही. दोष आपला, जे संदर्भाचं नाव बघतो आणि आकृती उघडत नाही. आणि ६० टक्क्यांत कमी म्हणजे ४० टक्क्यांत नाही, हाही प्रश्न आहेच. त्या ४० टक्के गाठी कशा तगल्या?

आता माझी मुख्य तक्रार. या पेपरनंतर एक साचा तयार झाला. साचा असा: सॉफ्टवेअरने लक्ष्य शोधा, त्यातलं एखादं कॅन्सरशी संबंध असलेलं उचला, ल्युसिफरेजचा प्रयोग करा, वेस्टर्न ब्लॉट करा, पेशी जास्त वाढतात असं दाखवा, छापा. मग पुढचा मायक्रोआरएनए. याच साच्याने बार्ट२०-५पी बॅड नावाच्या जनुकाला दाबतो हे आलं, बार्ट४-५पी बिडला दाबतो हे आलं. एकेक काम वेगवेगळं बघितलं तर प्रामाणिक आहे. सगळी एकत्र मांडली की मात्र गडबड कळते. बार्ट१५-३पीचं उदाहरण घ्या. २०१३ साली छापलेल्या कामात तो ब्रूस नावाच्या जनुकाला दाबतो आणि त्यामुळे पेशी मरायला मदत होते. मरायला! म्हणजे एक तुकडा वाचवतो, त्याचाच सख्खा भाऊ मारतो, आणि दोघं एकाच वेळी एकाच पेशीत असतात. मग शेवटी होतं काय? एकावेळी एक मायक्रोआरएनए, एक जनुक असा साचा ठेवला तर या प्रश्नाला उत्तरच नाही. दोन्ही निष्कर्ष बरोबर असू शकतात. पण गाठीत कोण जिंकतो हे त्या प्रयोगांतून कळत नाही.

आता तिच्या चारशे जनुकांकडे येऊ. वही-पेन घ्या.

मायक्रोआरएनए लक्ष्याला पकडतो तो मुख्यतः आपल्या सुरुवातीच्या सहा-सात अक्षरांनी. याला सीड म्हणतात. समजा सात अक्षरं जुळायला हवीत. आरएनएत अक्षरं चार. चारचा सातवा घात १६,३८४. म्हणजे कुठलाही ठराविक सात अक्षरांचा क्रम निव्वळ योगायोगाने दर १६,३८४ अक्षरांमागे एकदा येणार. जनुकाच्या मेसेंजर आरएनएची जी शेपूट असते, थ्री प्राइम यूटीआर, ती हिशेबापुरती १,००० अक्षरांची धरा. एका मायक्रोआरएनएसाठी तिथे योगायोगाने जुळण्याची शक्यता साधारण ६ टक्के. फार नाही. पण मायक्रोआरएनए ४४ आहेत. ४४ गुणिले १,००० भागिले १६,३८४ करा. २.७ येतं. म्हणजे तुम्ही डोळे मिटून कुठल्याही जनुकावर बोट ठेवा, त्याच्या शेपटीत सरासरी दोन-तीन जागा निघणार, आणि निदान एक जागा निघण्याची शक्यता सुमारे ९३ टक्के. सहा अक्षरांवर समाधान मानलंत तर सरासरी दहाच्या वर जाते.

खरा मजकूर यादृच्छिक नसतो, काही क्रम जास्त येतात काही कमी, हे मान्य. पण आकड्याचा अंदाज आला ना? चारशे जनुकं सापडणं हा शोध नाहीच. उलट सॉफ्टवेअरने बाकीची वीस हजार का सोडली ते विचारा. सीड जुळलं म्हणजे पाकिटावर 'मानपाडा' लिहिलेलं आहे, एवढंच. ठाण्याचा की डोंबिवलीचा, हे पिनकोडशिवाय कळत नाही.

माणसाच्या स्वतःच्या मायक्रोआरएनएंसाठी एक पिनकोड असतो: उत्क्रांती. जी जागा माणूस, उंदीर, कुत्रा सगळ्यांत टिकून आहे ती बहुधा कामाची. टार्गेटस्कॅनसारखी सॉफ्टवेअर यावर बरीच टेकलेली असतात. व्हायरसच्या मायक्रोआरएनएला ही सोय नाही. ईबीव्ही माणसाचा आहे, उंदराचा नाही, त्यामुळे उंदराच्या जनुकात ती जागा टिकून राहायला काही कारणच नाही. आणि जरा विचार करा, ज्या जागेमुळे व्हायरसचा फायदा होतो ती जागा आपलं जनुक जपून का ठेवेल? जमलं तर घालवेलच. म्हणजे टिकून असणं ही कसोटी इथे जवळजवळ निकामी. अपवाद आहेत आणि ते मजेशीर आहेत. बार्ट१५ हा एनएलआरपी३ या जनुकाच्या ज्या जागी चिकटतो, ती जागा आपल्याच मिर-२२३ची आहे. व्हायरसने पेशीने आधीच जपलेली जागा बळकावली. ती घालवायची तर पेशीला स्वतःचाच लगाम सोडावा लागेल. असं काही सापडलं तर मी खुर्चीत सरसावून बसते. नुसत्या सात अक्षरांनी नाही.

(जाता जाता: तुमच्यातल्या एकाने पाठवलेल्या खर्ड्यात माणसाच्या जनुकांची लक्ष्यं पीएसआरएनएटार्गेटने काढलेली होती. ते वनस्पतींसाठी बनवलेलं आहे. वनस्पतीत मायक्रोआरएनए जवळजवळ पूर्ण लांबी जुळवून चिकटतात, प्राण्यांत तसं नसतं. सॉफ्टवेअर उत्तर देतंच, त्याला कुठे माहीत तुम्ही गहू घेऊन आलात की माणूस.)

दुसरा पिनकोड म्हणजे प्रमाण. आणि इथे मला स्वतःबद्दल बोलावं लागेल.

पीएच.डी.च्या दुसऱ्या वर्षी मी असंच एक लक्ष्य धरलं होतं. जनुकाचं नाव सांगत नाही, त्याची बदनामी नको. पेशींत मायक्रोआरएनएचा कृत्रिम तुकडा टाकला, ज्याला मिमिक म्हणतात, आणि वेस्टर्नवर पट्टी अशी नाहीशी झाली की मी तो फोटो फोनचा वॉलपेपर केला. खरंच केला. एका परिषदेत पोस्टरही लागलं. आठ महिने गेले. मग वरिष्ठ संशोधकांपैकी एकीने विचारलं, "पेशीत तुझा मिमिक किती आहे, आणि खऱ्या व्हायरसवाल्या पेशीत हा तुकडा किती असतो?" मी मोजलंच नव्हतं. मोजलं. माझ्या पेशींत तो खऱ्यापेक्षा कित्येक पटींनी जास्त होता. डोस खऱ्या पातळीपर्यंत खाली आणला, आणि पट्टी परत आली. जशीच्या तशी. वॉलपेपर बदलला.

हे मला आधी कळायला हवं होतं, कारण वाचायला सगळं उपलब्ध होतं. २००८ साली 'नेचर'मध्ये दोन वेगळ्या गटांनी हजारो प्रथिनं मोजून दाखवलं होतं की एकेकटा मायक्रोआरएनए प्रथिनाची पातळी साधारण थोडीशीच बदलतो. दुपटीच्या आतच बहुतेक वेळा, चौपटीच्या पुढे क्वचित. पट्टी पार गायब होत असेल तर आनंद होण्याआधी शंका यायला हवी. आणि २०१२ साली 'नेचर मेथड्स'मध्ये आलं की पेशीत सापडणाऱ्या मायक्रोआरएनएंपैकी ६० टक्क्यांहून जास्त मोजता येईल असं काहीच काम करत नव्हते. कारण पुरेसे नव्हतेच. सापडणं वेगळं, काम करण्याइतकं असणं वेगळं. म्हणून आता मी कुठलाही पेपर उघडला की पहिल्यांदा मेथड्समध्ये जाऊन मिमिकचं प्रमाण शोधते. नसेल दिलं तर तो पेपर मी पेन्सिलने वाचते, पेनाने नाही.

तिसरी गोष्ट पोटाच्या कॅन्सरची खास आहे, आणि माझ्या मते या सगळ्या साहित्यातला सर्वांत दुर्लक्षित भाग. ईबीव्हीच्या पोटाच्या गाठींत डीएनएवर मिथायलेशन अफाट असतं. टीसीजीएच्या अभ्यासात त्या गाठी यातच सगळ्यांहून वेगळ्या उठून दिसल्या. मिथायलेशन म्हणजे जनुकाच्या दारावरच कुलूप, मेसेंजर आरएनए बनतच नाही. आता नेहमीचा युक्तिवाद बघा: "ईबीव्हीवाल्या गाठींत अमुक जनुक कमी आहे, त्याच्या शेपटीत बार्टची जागा आहे, म्हणून बार्टने दाबलं." का म्हणून? कदाचित जनुकाला आधीच कुलूप लागलंय आणि मायक्रोआरएनएला करायला काही उरलेलंच नाही.

पीटेनचं उदाहरण घ्या. गाठ आवरणारं जनुक. घशाच्या कॅन्सरमध्ये बार्ट१ आणि बार्ट७-३पी पीटेनला दाबतात असे पेपर २०१५च्या सुमारास आले. पण त्याच्या कितीतरी आधी, २००९ साली, टोकियोच्या हिनो आणि सहकाऱ्यांनी पोटाच्या ईबीव्ही कॅन्सरसाठी दाखवलं होतं की व्हायरसचं एलएमपी२ए हे प्रथिन स्टॅट३ चालू करतं, त्याने डीएनएमटी१ वाढतो, आणि पीटेनच्या सुरुवातीला मिथायलेशन बसतं. म्हणजे पोटात पीटेन कमी दिसला तर दोन संशयित आहेत, दोघेही व्हायरसचेच. तिच्या शीटमध्ये पीटेन होता, समोर 'बार्ट१' लिहिलेलं, आणि मिथायलेशनचा रकानाच नव्हता. मी विचारलं, पोटात नेमकं कोणी दाबलं हे तू कसं ठरवणार? ती गप्प. मग म्हणाली, "डीएनएमटी अडवणारं औषध देऊन बघता येईल ना?" येईल. पीटेन परत आला तर निदान बराचसा भाग कुलपाचा. नाही आला, किंवा मेसेंजर आरएनए परत आला आणि प्रथिन नाही, तर मायक्रोआरएनएकडे बोट दाखवायला जागा आहे. हे तिला पाच मिनिटांत सुचलं. छापलेल्या कित्येक पेपरांत नसतं.

एवढी टीका केल्यावर तुम्ही म्हणाल, मग चांगलं काम कसं दिसतं? मी तुम्हाला एकच पेपर देते. कांग, स्काल्स्की आणि कलेन, 'प्लॉस पॅथोजेन्स', २०१५. त्यांनी सुरुवात जनुकापासून केलीच नाही. बावीसही बार्ट एकेक करून घेतले आणि विचारलं, यातले किती पेशीला मरणापासून खरोखर वाचवतात? उत्तर: पाच. बावीसपैकी फक्त पाच. मग पार-क्लिप नावाच्या पद्धतीने, म्हणजे आर्गोनॉटला त्याच्या हातातल्या आरएनएसकट गोठवून बाहेर काढून, व्हायरस असलेल्या पेशींत प्रत्यक्ष काय पकडलेलं आहे ते बघितलं. त्यातून पेशीला मारणारी दहा जनुकं निवडली. आणि तपासणी एजीएस या पोटाच्याच पेशींत केली, मायक्रोआरएनएची पातळी शरीरात असते तेवढीच ठेवून. मग शेवटची पायरी, जी मला सगळ्यांत आवडते: मायक्रोआरएनए बाजूला ठेवा, आणि ती जनुकं सरळ दुसऱ्या मार्गाने कमी करा. पेशी तशीच वाचते का? निदान सात जनुकांच्या बाबतीत वाचली. म्हणजे 'दाबलं' आणि 'त्यामुळेच वाचली' यांच्यातली कडी जोडली गेली.

यातून जे चित्र येतं ते प्यूमाच्या गोष्टीपेक्षा कमी नाट्यमय आहे. एक गुन्हेगार, एक बळी असं काही नाही. पाच तुकडे मिळून बऱ्याच जनुकांना थोडं थोडं दाबतात आणि सगळं मिळून पेशी तगते. २०११ साली बिम या जनुकाबद्दलही असंच दिसलं होतं, एकट्याचं काम नाही, एकाच पुंजक्यातल्या बऱ्याच बार्टचं मिळून. आपल्याकडे म्हणतात तसं, थेंबे थेंबे. प्यूमा त्या थेंबांत असूही शकेल. त्या मोठ्या गोष्टीचा तो नायक आहे, यावर मात्र माझा विश्वास बसत नाही.

माझ्या बाजूने उत्साह जरा जास्त झाला असेल, म्हणून विरुद्ध पुरावाही सांगते. क्लॅश नावाची अजून कडक पद्धत आहे. तिच्यात मायक्रोआरएनए आणि त्याने पकडलेला मेसेंजर आरएनए एकमेकांना रासायनिक रीतीने जोडूनच वाचले जातात, म्हणजे कोण कोणासोबत होतं याचा वाद उरत नाही. एसएनयू-७१९ या पोटाच्या पेशींत हे करून २०२१ साली अमेरिकेतल्या गटाने मांडलं की ईबीव्हीचे मायक्रोआरएनए आपली लक्ष्यं पेशीच्या स्वतःच्या मायक्रोआरएनएंपेक्षा जास्त घट्ट पकडतात, आणि त्यांचा रोख बराचसा प्रतिकारशक्तीला चुकवण्याकडे दिसतो. तेव्हा "व्हायरल मायक्रोआरएनएने काही होत नाही" असं म्हणायला माझ्याकडून कोणी जाऊ नका. होतं. प्रश्न फक्त कुठलं, किती आणि कशामुळे एवढाच.

पेशींबद्दल एक शेवटचं. २००४ साली फेफर, टुशल आणि मंडळींनी 'सायन्स'मध्ये पहिल्यांदा व्हायरसचे मायक्रोआरएनए दाखवले तेव्हा ईबीव्हीत ते पाचच सापडले. कारण त्यांनी वापरलेल्या बी९५-८ या प्रकारात डीएनएचा सुमारे १२ हजार अक्षरांचा तुकडा गळालेला आहे, आणि बार्टचे बहुतेक मायक्रोआरएनए नेमके त्या गळालेल्या तुकड्यात. पुढच्या दोन वर्षांत इतरांनी दुसऱ्या प्रकारांत बघितलं आणि संख्या वाढत गेली. प्रयोग चुकलेला नव्हता, व्हायरसच अपुरा होता. तुमच्या प्रयोगशाळेतला व्हायरस किंवा पेशी कुठून आल्या, त्यांत काय नाही, हे विचारायला लाजू नका. फ्रीझरवरचं लेबल ही बातमी असते, पुरावा नाही.

आता तिचा खरा प्रश्न, आणि बहुधा तुमचाही: "ताई, हे सगळं आपल्याकडे कसं जमणार?" तिच्या कॉलेजात बायोसेफ्टीची धड सोय नाही. पार-क्लिप तर सोडूनच द्या. आणि नमुन्यांचंही गणित कठीण आहे. पोटाचा कॅन्सर आपल्या देशात मिझोराममध्ये जितका आढळतो तितका मुंबईत नाही. केरळमधल्या रुग्णांवरच्या २००२च्या अभ्यासात ईबीव्हीच्या गाठी ५ टक्क्यांच्या आसपास होत्या. म्हणजे समजा एखाद्या हॉस्पिटलने तुम्हाला पोटाच्या शंभर गाठींचे पॅराफिन ब्लॉक दिले, आणि ते देणं म्हणजे एथिक्स कमिटीच्या किती फेऱ्या हे ज्याने केलंय त्यालाच माहीत, तरी ईबीव्हीच्या हाती लागणार पाच-सात. त्या पाच-सातवर प्यूमा कमी-जास्त बघून "६० टक्के" लिहू नका, एवढी विनंती.

पण वाट बंद नाही. टीसीजीएचा डेटा मोफत आहे. त्यात त्याच गाठींचा मेसेंजर आरएनए आहे, छोटे आरएनए आहेत, मिथायलेशनही आहे. घरच्या लॅपटॉपवर, लोडशेडिंग नसेल तर, विचारता येण्यासारखा चांगला प्रश्न असा: ज्या जनुकांबद्दल "बार्टने दाबलं" असं छापलंय, त्यातली किती जनुकं त्याच गाठींत मिथायलेशननेच बंद दिसतात? ईबीव्हीच्या गाठी तिथे २६ आहेत, त्यामुळे उत्तर मोठमोठ्याने सांगू नका, पण प्रश्न खरा आहे. पुढे प्रयोग करायचेच असतील तर खारघरला ॲक्ट्रेक आहे. इंदूरच्या आयआयटीत ईबीव्ही आणि हेलिकोबॅक्टर पायलोरी हे दोघं मिळून पोटाच्या पेशींत काय करतात यावर काम चालतं, आणि आपल्याकडे हेलिकोबॅक्टर किती पसरलेला आहे हे बघता तो प्रश्न आपल्या मातीतला आहे. अर्ज करताना चारशे जनुकांचं जाळं जोडू नका. तीन जनुकं जोडा, आणि प्रत्येकाविषयी तुम्ही चुकीचे ठराल ते कुठल्या प्रयोगाने, हे लिहा.

निघताना तिने ते रंगीत जाळं माझ्याकडेच ठेवलं. "दिसतं छान," म्हणाली. माझ्या टेबलासमोर लावलंय, जुन्या वॉलपेपरच्या प्रिंटशेजारी.

परवा तिची शीट आली. बीएचआरएफ१ची सगळी नावं गेली आहेत. नऊ जनुकं उरलीत. नवे तीन रकाने आहेत: पुरावा कुठल्या पेशीतला, मायक्रोआरएनएची पातळी मोजली का, मिथायलेशन. प्यूमासमोर पहिल्या रकान्यात तिने लिहिलंय, 'पेशी पोटाच्याही, गाठी घशाच्या'. पीटेनसमोरच्या तिसऱ्या रकान्यात दोन संशयितांची नावं आहेत आणि एक भलंमोठं प्रश्नचिन्ह.